निवडुंगाची समजूत

सोमवार, ३

आज सकाळी ऑफिसातल्या मॅडमनी माझ्या गळ्यात ओळखपत्राची दोरी अडकवली आणि त्या क्षणी माझं आयुष्य फिरलं. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलंय, कारण ते खरंच आहे. कॉलेज अर्ध्यावर सोडल्यापासून घरात माझी पत पायपुसण्याच्या खालोखाल होती. बाबा माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. मी समोर बसलेला असताना आईला सांगायचे, "त्याला म्हणावं पंखा बंद कर." आज जेवताना त्यांनी स्वतःहून विचारलं, नोकरी नक्की कसली रे. चक्क 'रे'!

रोजनिशी आईच्या सांगण्यावरून. भडकलास की भांडी आपटू नकोस, लिहून काढ, असं तिचं म्हणणं. आज भडकलेलो नाही, पण हात तरी बसेल.

तर नोकरी. चौथा मजला, गार हवा, मऊ खुर्च्या. कंपनीने 'धूम्रगड' नावाचा ऑनलाइन खेळ काढलाय. तलवारी, जादूटोणा, डोंगर, जंगलं, बोलणारी जनावरं, सगळं आहे. फक्त दर महिन्याला वर्गणी भरायची, तरच वेशीचं दार उघडतं. खेळ नवा आहे आणि खेळणाऱ्यांत उभी फूट पडलीय. निम्मे म्हणतात असा खेळ आजवर झाला नाही. निम्मे म्हणतात दिवसाढवळ्या दरोडा आहे. आमचं काम म्हणजे आलेली मतं वाचायची. दोन लांब टेबलं आहेत. कौतुक येतं ते गोड टेबल, शिव्या येतात ते तिखट टेबल. मला तिखट मिळालं. मॅडम म्हणाल्या, तुझा चेहरा बघूनच ठरवलं होतं. गोड टेबलावरचा एक गुबगुबीत प्राणी फिसकन हसला. सगळे त्याला गोडबोल्या म्हणतात.

आता ही नोकरी धरायचं खरं कारण. कॉलेजातली ती हा खेळ खेळते. कॉलेज सुटलं तसं तिचं माझ्याशी बोलणंही सुटलं. 'तू वाईट नाहीस, पण तुझ्या रागाची मला भीती वाटते,' एवढंच म्हणाली होती. मित्राकडून कळलं की रोज संध्याकाळी ती धूम्रगडात असते आणि तिथलं तिचं नाव 'निवडुंग' आहे. इथल्या नोकरांना वर्गणी माफ. म्हणजे मला पगार देऊन तिच्या गावात राहायला पाठवलंय असं म्हणायला हरकत नाही.

मंगळवार, ४

दिवसभर शिव्या वाचल्या. मजा आली. लोकांचा मुख्य राग चालण्यावर आहे. या खेळात उडी मारून कुठे पोचता येत नाही, एका गावाहून दुसऱ्या गावी पायीच जायचं. गोडवाले म्हणतात, हीच तर गंमत, वाटेत पाऊस लागतो, ओळखी होतात. तिखटवाले म्हणतात, पैसे भरून पायपीट कशाला? 'पोलादी पंजा' नावाच्या एकाने लिहिलंय, इतकं चालायचंच होतं तर भाजी आणायला गेलो असतो, आईने शाबासकी तरी दिली असती. मी मोठ्याने हसलो. मॅडमनी मान एका बाजूला कलती करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग येत नाही बहुतेक. सरबतासारख्या बोलतात.

उत्तर द्यायचं नाही, मत पुसायचं नाही, हा इथला नियम. तिखट मताखाली एकच बटण आहे: 'समजूत'. ते दाबलं की चौकट उघडते आणि वर प्रश्न येतो, या खेळाडूला काय दिलं म्हणजे तो राहील? त्याची जुनी मतं वाचायची, माणूस ओळखायचा आणि चौकटीत एकच गोष्ट लिहायची. बाकीचं खेळ बघून घेतो. मॅडमनी बजावलं, नीट विचार करून लिही. दिलेलं परत घेता येत नाही.

संध्याकाळी लाकूडतोड्या होऊन धूम्रगडात शिरलो. ती दिसली! बाजारात मधमाश्यांचं पोळं विकत होती. मी नुसता जवळून गेलो. 

शुक्रवार, ७

हा पोलादी पंजा आता माझ्या डोक्यात जायला लागलाय. आज लिहितो, तुमची मतं वाचणारी माणसं दगडं आहेत, मान हलवायला तरी शिका. मला! उत्तर देता येत नाही म्हणून मी दात खात समजूत दाबलं आणि चौकटीत लिहिलं, याला भांडायला कुणीतरी द्या, जन्माचं.

गोडबोल्याला सांगितलं तर तो म्हणाला, अरे मग लग्न लावून दे की त्याचं.

निवडुंगाशी बोललो आज. मी कोण हे सांगितलं नाही, आवाज ओळखेल म्हणून माइक बंद ठेवून टाइप करत होतो. लाकडाची मोळी तिच्या दाराशी ठेवली. ती म्हणाली, मी काही मागवलं नव्हतं. मी म्हटलं, चुकून आणली. ती हसली. कॉलेजच्या कँटीनमध्ये हसायची तशीच, शेवटी थोडं नाकातून.

बुधवार, १२

पोलादी पंजाचं मत आज गोड टेबलावर उतरलं. गोडबोल्याने सगळ्यांना वाचून दाखवलं. 'पुलावर एक माणूस भेटला. आम्ही भांडतो. तो हरत नाही, मीही हरत नाही. उतरायची घाई नाही.' बस, एवढंच. ना टोमणा, ना भाजी, ना आई. मी म्हटलं, हा तो नव्हेच. गोडबोल्या म्हणाला, समजूत पटली की माणूस असाच होतो, माझ्याकडे अशी ढिगाने येतात.

मी त्याच्याजवळ बसून तो ढीग वाचला. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी नावं. पूर्वी एकाचं लिहिणं दुसऱ्यासारखं नव्हतं. आता कुणी विहिरीबद्दल लिहितो, कुणी मेलेल्या कुत्र्याबद्दल, तो इथे जिवंत आहे म्हणे, पण सगळ्यांचा सूर एक. झोप लागत आलेल्या माणसासारखा.

भिंतीवर मतांचं वर्तुळ आहे. अर्धं हिरवं, अर्धं लाल. आज लाल कमी दिसलं. मॅडमनी आम्हाला पेढे नव्हे पण कॉफी पाजली.

शुक्रवार, १४

तिखट टेबलावरचा फोन सहसा वाजत नाही. आज वाजला. एक बाई बोलत होत्या. पोलादी पंजाची बहीण. मला 'दादा, दादा' करत होत्या, मी वयाने त्यांच्यापेक्षा लहानच असेन. भाऊ खुर्चीतून उठत नाही. घास तोंडात दिला तर गिळतो. डोळे पडद्यावर, ओठ सारखे हलतात, कुणाशी तरी वाद घालतोय असे. खांदा धरून हलवला तर 'थांब, याला आधी बघतो' म्हणतो. वीज बंद केली तर अंधारातसुद्धा ओठ तसेच हलत होते. खातं बंद करून द्या दादा, एवढंच त्यांचं मागणं.

मी मॅडमकडे धावलो. त्या म्हणाल्या, खातं फक्त खेळाडूच बंद करू शकतो, स्वतःच्या अंगठ्याने. आपण कुणाला अडवलंय का? मी म्हटलं, तो उठतच नाही! त्या म्हणाल्या, म्हणजे त्याला आवडतंय.

मी टेबलावर मूठ आपटली. कॉफी सांडली. त्यांनी ती शांतपणे पुसली आणि विचारलं, त्याला ते कुणी दिलं रे?

त्या बाईंना परत फोन केला. सांगितलं, त्याचा अंगठा धरून बटणावर टेकवा.

सोमवार, १७

दोन दिवस कुणाची समजूत घातली नाही. मतं आली तशी पुढे ढकलली. नोकरी सोडायचं मनात होतं, तसा निरोपही लिहून ठेवला होता.

आणि आज दुपारी निवडुंगाचं मत माझ्यासमोर आलं.

तिने लांबलचक लिहिलंय. तिचं लिहिणं मी कुठेही ओळखेन. सुरुवातीला आवडलं, मग गटात भांडणं झाली, अर्धे मित्र हा खेळ डोक्यावर घेतात, अर्धे सोडून गेले, आणि मला दोघांचंही पटतं. डोंगर सुंदर आहेत, पण मी इथे एकटीच चालते. महिना संपला की वर्गणी भरणार नाही. खाली लिहिलंय, लाकडं आणून देणारा एक वेडा आहे, त्याला माझा नमस्कार सांगा.

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. महिना संपला की ती गेली. कॉलेजात गेली तशी. बाहेर तिच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नाही आणि इथे ती राहणार नाही.

मला पुलावरचा माणूस आठवत होता. बहिणीचा फोन आठवत होता. पण मी स्वतःला म्हटलं, मी त्याला रागाने दिलं म्हणून वाईट झालं. प्रेमाने दिलं तर कसं वाईट होईल?

समजूत दाबलं. चौकटीत माझं नाव लिहिलं. मी कसा बोलतो, कसा चालतो, कँटीनमधला कुठला विनोद तिला आवडायचा, ती मला 'भडक्या' म्हणायची, सगळं. मला वाटलं, खेळ मला तिच्यासमोर उभं करेल. आणि शेवटी लिहिलं, हा आता कधीच चिडत नाही.

पाठवलं.

बुधवार, १९

निवडुंग गोड टेबलावर आली. गोडबोल्याने वाचायला तोंड उघडलं तेव्हाच मी त्याच्या हातातून ते ओढून घेतलं.

'भडक्या आलाय. आम्ही तळ्याजवळ बसतो. तो चिडत नाही. उतरायची घाई नाही.'

लाकूडतोड्या होऊन धावत गेलो. धावत म्हणजे काय, चालतच जावं लागतं, या खेळात दुसरं काय! अख्खं जंगल पायी. तळ्याच्या काठावर ती बसलेली. तिच्या शेजारी मी.

माझा सदरा. माझी बसायची पद्धत, एक गुडघा वर. तो तिला कँटीनमधला विनोद सांगत होता आणि माझ्याच आवाजात सांगत होता. आवाज यांना कुठून मिळाला? मुलाखतीत माझ्याकडून एक पान मोठ्याने वाचून घेतलं होतं, ते कशाला हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी म्हटलं, निवडुंग, मी आहे, खरा मी.

तिने माझ्याकडे पाहिलं. रस्ता चुकलेल्या माणसाकडे पाहतात तसं. म्हणाली, खरा तर हा बसलाय.

तोंडाला येईल ते बोललो. त्याला शिव्या दिल्या. कुऱ्हाड उगारली. ती घाबरून त्याच्यामागे सरकली. तो उठलासुद्धा नाही. मला म्हणाला, "भाऊ, रागावू नकोस."

गुरुवार, २०

मॅडमना सांगितलं, परत घ्या. फक्त पाया पडायचं बाकी होतं. त्या म्हणाल्या, दिलेलं परत घेता येत नाही, पहिल्याच दिवशी बोलले होते.

मग म्हटलं, माझी समजूत घाला. मीच तिखट मत लिहितो, हवं तेवढं घाणेरडं लिहितो, तुम्ही बटण दाबा. मला तिच्याजवळ ठेवा, त्या तळ्यावर. मी उठणार नाही, भांडणार नाही, घास दिला तर गिळेन.

त्यांनी माझं नाव घालून पाहिलं. मान कलती केली. म्हणाल्या, ती जागा भरलीय.

त्यांना माझी कीव आली असावी. हेच सहन होत नाही.

फोन वाजला. पोलादी पंजाची बहीण. तिने अंगठा धरला, टेकवला. खातं बंद झालं. ओठ हलायचे थांबले. तेव्हापासून तो तसाच बसलाय. राग नाही, भूक नाही, तिला ओळखत नाही. 'दादा, पूर्वी निदान भांडत तरी होता,' म्हणाली. मग विचारलं, आता मी त्याला पुन्हा आत कसं पाठवू?

मी फोन ठेवून दिला. 

शुक्रवार, २१

वर्तुळ पूर्ण हिरवं. तिखट टेबल उचलून नेलं. मला गोड टेबलावर खुर्ची दिलीय, गोडबोल्याच्या शेजारी. तो आता विनोद करत नाही. विचारलं, काय झालं रे, तर म्हणाला, काही नाही, छान आहे. ओठांच्या कोपऱ्यात ओल होती.

त्याची समजूत कुणी घातली? मी तर नाही —

शनिवार, २२

निवडुंगाच्या घरी गेलो. तिच्या आईने दार उघडलं. मला ओळखलं. मला वाटलं आता हाकलतील. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, बाळा, बरं झालं तुम्ही बोलायला लागलात, पोरगी किती महिने रडवेली होती, आता दिवसभर तुझं नाव घेऊन हसते.

मी पाणी प्यायलो. 

काकू, ती जेवते का?

भरवते मी, म्हणाल्या. लहानपणी भरवायचे तशी. लाडावलीय.

आत जाऊ दिलं नाही. ती तुझ्याशीच बोलतेय ना रे, म्हणाल्या. मग हसल्या. तू इथे कसा मग?

रविवार, २३

पुन्हा गेलो. काकू बाहेर गेल्या होत्या, दार नुसतं लोटलेलं.

ती खुर्चीत. केस कुणीतरी विंचरून दिलेले. डोळ्यांत पडद्याचं तळं. हसते आहे, शेवटी थोडं नाकातून.

नाव घेऊन हाक मारली. खरं नाव. खरा आवाज. मान वळली नाही.

खातं बंद करायचं बटण काढलं. तिचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. गार नव्हता. अंगठा बटणावर नेला. टेकवला की संपलं. टेकवला की ती पोलादी पंजासारखी, नुसती बसलेली — नाही टेकवला तर इथे, हसत, भरवून घेत —

दोन्हीकडे ती नाहीच.

तेव्हा ती बोलली. माझ्याशी नाही. पडद्याला म्हणाली, "अरे, कुणीतरी हात धरलाय माझा."

आणि माझा आवाज म्हणाला, "असू दे गं. जाईल तो."

ओरडायचं होतं. आयुष्यभर ओरडत आलो, आज ओरडलो नाही. तिचा हात तिच्या मांडीवर ठेवला. नीट ठेवला. बोटं सरळ केली.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. जिन्यात बसून फोनवर हे लिहितोय. आतून ऐकू येतंय. पडद्यातला मी तिला विचारतोय, गेला का तो? आणि ती म्हणते, कोण?